नदीतला पाईक, खाडीतला जिताडा: पिसांच्या गरीमागचं शास्त्र

मोबाईलवरचे ते व्हिडिओ आता कोकणातही घरोघरी पाहिले जातात. थंड देशातली संथ नदी, काठाला पिवळं पडलेलं लव्हाळं. एक जण जाडसर रंगीत दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवतो आणि वीतभर लांबीचा पिसांचा झुबका पाण्यात टाकतो. मग दोरी हाताने थोडी थोडी ओढत आणतो. अचानक पाणी फुटतं. थोड्या वेळाने लांब, चपट्या जबड्याचा, हिरव्या अंगावर फिकट ठिपके असलेला मीटरभर मासा काठाला येतो. गळ काढला जातो आणि मासा परत पाण्यात जातो.

हा मासा म्हणजे पाईक, आणि ही पद्धत म्हणजे फ्लाय फिशिंग. व्हिडिओ बघून झाला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. नुसत्या पिसांना एवढा मासा लागतोच कसा? आणि लागला, तर सोडला कशाला?

अलिबागपासून मालवणपर्यंत सुट्टीच्या दिवशी पुलांवर, जेट्टींवर रॉड घेतलेली तरुण मंडळी आता सर्रास दिसतात. त्यातल्या काहींनी जिताडा या खाडीतल्या शिकारी माशासाठी फ्लाय वापरायला सुरुवात केली आहे. त्यामुळे हे प्रश्न आता परदेशातल्या नदीपुरते राहिलेले नाहीत. त्यातही दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर मिळण्यासाठी मात्र आधी पहिला सोडवावा लागतो.

आधी मासा ओळखू

पाईक हा युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी. पाठलाग करून शिकार करणं त्याच्या शरीराला झेपत नाही. तो दबा धरतो. अंग लांबट, आणि पाठीवरचा व पोटाखालचा पर दोन्ही थेट शेपटीजवळ. मागे एकवटलेल्या या परांमुळे जागच्या जागी उभा असलेला पाईक एका झटक्यात पुढे झेपावतो. हा झटका देणारे स्नायू ताकदवान असतात, पण लवकर थकतात. झेप चुकली तर तो सहसा मागे लागत नाही, वळून आपल्या जागी जातो.

सावज तो आडवं पकडतो, म्हणजे मधोमध चावा घेतो, मग तोंडातल्या तोंडात फिरवून डोक्याकडून गिळतो. खालच्या जबड्यात सुळे, आणि टाळूवर आत वळलेल्या बारीक दातांची पट्टी. आत गेलेला मासा मागे सरकूच शकत नाही.

पुढचं सगळं तंत्र या दबा धरण्याच्या सवयीवर उभं आहे. म्हणून एवढ्या तपशिलात सांगितलं.

वजन गळाला नाही, दोरीला

आपली गरी कशी लांब जाते? तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीच्या, टोकाला शिसं असतं. ते पुढे पळतं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायचं तसं नाही. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस किंवा कृत्रिम धागे बांधून केलेली माशाची नक्कल. कोरडी असताना ती जेमतेम काही ग्रॅमची असते. कितीही जोरात भिरकावली तरी वाऱ्यावर तरंगत पायाशीच पडेल.

म्हणून इथे वजन दोरीतच घातलेलं असतं. फ्लायची दोरी जाड, वरून प्लास्टिकचा थर दिलेली असते. तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन मोजून तिला क्रमांक देतात. 5 क्रमांकाच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात, 9 क्रमांकाच्या दोरीचे साडेपंधरा. ट्राउटसारख्या छोट्या माशाला 5 क्रमांक पुरतो. पाईकची फ्लाय मोठी आणि भिजल्यावर जड, त्यामुळे तिथे 8 ते 10 क्रमांक वापरतात. रॉडवरही तोच क्रमांक छापलेला असतो. रॉड आणि दोरी यांची जोडी जुळली नाही तर हात दुखतो आणि दोरी जात नाही.

बैलगाडीवाल्याचा चाबूक आठवा. मूठ हलते थोडीशीच, पण ती हालचाल वादीतून पुढे सरकत जाते आणि टोकाला फटका बसतो. फ्लायची दोरी अशीच उलगडत जाते, आणि टोकाची फ्लाय तिच्याबरोबर निमूट जाते. यात कळीची गोष्ट एकच. दोरी मागे फेकल्यावर ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे आणायची. नवशिके थांबत नाहीत. मग दोरीचा गुंता डोक्यावर पडतो, किंवा गळ कानात घुसतो. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय हा प्रकार कुणी करू नये.

नदीत तो उभा कुठे असतो

लवकर थकणारा मासा दिवसभर जोराच्या धारेत उभा राहू शकत नाही. तळ्यात तो कुठेही सापडू शकतो, पण नदीत त्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्या पाणी बघून ओळखता येतात. वळणाच्या आतल्या बाजूचं मंद पाणी, पुलाच्या खांबामागची सावली, पडलेल्या झाडाची आडोशाची बाजू, पाणवनस्पतींची कड, जिथे ओहोळ मुख्य नदीला मिळतो तो कोपरा. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे: स्वतःला धार लागत नाही, पण हातभर अंतरावरून खाद्य वाहत जातं.

पूर आला की पाईक काठाला सरकतो, कधी तर चार फूट पाण्यात, गवताला टेकून. थंडीत लहान मासे खोल, संथ डोहांत गोळा होतात आणि पाईक त्यांच्यामागे तिथे जातो. म्हणून नदीवरचे जाणते गरीवाले मधल्या धारेत दोरी टाकून वेळ घालवत नाहीत. ते चालत राहतात, एकेका आडोशापाशी चार-सहा वेळा फ्लाय टाकतात आणि पुढे सरकतात.

पिसांना भुलतो कसा?

पाईकची फ्लाय साधारण 15 ते 25 सेंटीमीटरची असते. हातात घेतली तर फसवी वाटते: कोरडी असताना फुगलेली, विस्कटलेली. ती पाण्यात बुडवून वर काढली की सगळे केस एकत्र चिकटून माशाचा निमुळता आकार होतो. पुन्हा पाण्यात सोडली की केस सुटे होतात, लांब पिसं डावी-उजवी हलतात, मधली चमकी खवल्यांसारखी लुकलुकते. ओढली की आखडते, थांबवली की फुलते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या नकली माशाला ही फुलण्याची हालचाल जमत नाही.

नजरेइतकीच दुसरी एक गोष्ट काम करते. माशाच्या दोन्ही अंगांना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली थरथर तिने कळते. म्हणून गढूळ पाण्यासाठी फ्लायचं डोकं मुद्दाम जाड बांधतात, म्हणजे ती पाणी ढकलत येते आणि दिसायच्या आधी जाणवते. अर्थात चहासारखं पाणी झालं की कसलीच मात्रा चालत नाही.

फ्लाय पाण्यात पडली की रॉडचं टोक पाण्याकडे रोखून, दुसऱ्या हाताने दोरी फूट-फूट ओढायची. ओढ, थांब, पुन्हा ओढ. बहुतेक वेळा हल्ला येतो तो थांबलेल्या क्षणी. जखमी मासा असाच पळतो आणि थांबतो. कधी पाईक मागे मागे येतो पण तोंड लावत नाही. अशा वेळी काठाजवळ फ्लाय बाहेर न काढता रॉडच्या टोकाने पाण्यात मोठा इंग्रजी आठ काढतात. वळणावर फ्लायची दिशा बदलते, आणि अगदी पायाशी झेप येते.

मासा लागला की रॉड झटकन वर उचलायचा मोह होतो. तो आवरायचा. पाईकचं तोंड हाडाळ असतं. वर उचललेला रॉड वाकतो आणि सगळा जोर वाकण्यातच जातो. त्याऐवजी रॉड सरळ ठेवून दोरीच जोरात ओढायची, तेव्हा गळ रुततो.

तार का लावतात

दोरी आणि फ्लाय यांच्यामध्ये काही फूट तंगूस असतो, त्याला लीडर म्हणतात. पाईकसाठी त्याच्या शेवटी वीत-दीड वीत लवचीक धातूची तार लावावीच लागते. नुसता तंगूस दातांनी कापला जातो, मासा जातो, आणि त्याच्या तोंडात गळ राहतो. तार न लावता पाईकच्या मागे जाणाऱ्याला युरोपातले गरीवाले चांगलेच सुनावतात, आणि ते योग्यच आहे.

“पण आपल्याकडे पाईक कुठे आहे?”

नाही, आणि असणारही नाही. पाईक थंड पाण्याचा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला थकव्यातून सावरणं जड जातं, म्हणून उन्हाळ्याच्या गरम आठवड्यांत तिथले लोक त्याच्यावर गरी टाकत नाहीत. आपल्या खाड्यांचं पाणी थंडीतही त्याहून उबदार असतं.

पण दबा धरणारा शिकारी आपल्याकडे आहेच. रायगडात जिताडा, मालवणी मुलखात आणि गोव्यात चोणक, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, मासा एकच. तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांत, पुलाच्या खांबाआड, बंधाऱ्याच्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, तोंडाशी तो उभा राहतो. पाईकच्या जागा ज्या नियमाने ओळखायच्या, त्याच नियमाने याच्या ओळखता येतात. फरक आहे तो पाण्याच्या वागण्याचा. युरोपातली नदी एकाच दिशेने वाहते. आपली खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा सुकते, त्यामुळे भरतीला जी आडोशाची बाजू असते ती ओहोटीला धारेची होते. जिताड्याची जागा त्याप्रमाणे बदलते. ओहोटी सुरू झाली की तिवरांतलं पाणी बारक्या नाळीतून खाडीत उतरतं. त्याबरोबर कोळंबी आणि बोय माशांची पिल्लं बाहेर येतात, आणि जिताडा नाळीच्या तोंडाशी खालच्या बाजूला उभा असतो. फ्लाय टाकायची ती नाळीतून, पाण्याबरोबर बाहेर येईल अशी.

जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट सावज आत ओढतो. बंद खोलीत दार आपटावं तसा आवाज होतो. त्याला पाईकसारखे सुळे नाहीत, त्यामुळे तार लागत नाही. पण कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार आणि जबडा खरखरीत, म्हणून शेवटचा फूट-दोन फूट तंगूस जाड हवा. लागला की तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो आणि मुळांकडे धावतो. रीळ चांगली हवी, आणि खारं पाणी लागल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने धुवायला हवी.

हंगाम म्हणाल तर पावसाळ्यात आपल्या नद्या तांबड्या पाण्याने भरून वाहतात, तेव्हा फ्लायचा उपयोग नाही. नवरात्र सरता सरता पाणी निवळू लागतं. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत धार जोराची आणि पाणी पुन्हा ढवळलेलं, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत मंद आणि स्वच्छ. नवशिक्याने भांगाचे दिवस धरावेत. आणि वेळ सकाळची. दुपारी खारा वारा सुटला की हलकी फ्लाय घेऊन दोरी सरळ जाणं अवघड होतं.

“मग पाईकच आणून धरणात सोडला तर?”

हा प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण उत्तर गंभीरपणे द्यायला हवं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिस या जलाशयात कुणीतरी बेकायदा पाईक सोडले. 1994 मध्ये ते लक्षात आलं. तो खाली वाहत जाऊन इतर मासे संपवेल या भीतीने 1997 मध्ये सरकारने अख्ख्या जलाशयात मासे मारणारं औषध घातलं. तरी पाईक पुन्हा दिसले, आणि 2007 मध्ये तेच सगळं परत करावं लागलं. आपल्याकडे 1952 मध्ये आणलेला टिलापिया आज कुठल्या कुठे पसरलाय, हे नदीवर जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. बाहेरचा कुठलाही मासा हौसेखातर आपल्या पाण्यात सोडणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

“कोळंबी लावली की मिळतो, मग ही यातायात कशाला?”

खरं आहे. जिवंत कोळंबी लावलेली गरी फ्लायपेक्षा जास्त मासे देते. घरात कालवण हवं असेल तर तीच टाकावी. फ्लायचा एक गुण मात्र वेगळा आहे. आमिष मासा गिळतो, त्यामुळे गळ बऱ्याचदा घशात किंवा पोटात जातो आणि असा मासा सोडला तरी जगेलच याची खात्री नसते. फ्लाय सतत ओढली जात असते, त्यामुळे गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो आणि काढता येतो. सोडायचाच असेल, तर ही पद्धत माशाला सोयीची.

“पकडायचा आणि सोडायचा, ही चेष्टा नाही का?”

आक्षेप वजनदार आहे, आणि तो फक्त आपलाच नाही. जर्मनीत प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे, केवळ सोडून देण्यासाठी मासा पकडणं बेकायदा ठरतं. स्वित्झर्लंडनेही 2009 पासून सोडण्याच्या हेतूने मासेमारी करायला मनाई केली. त्यांचं म्हणणं, खायचा असेल तर पकडा, नाहीतर त्याला त्रास देऊ नका. याउलट आयर्लंडमध्ये 2006 च्या नियमानुसार 50 सेंटीमीटरपेक्षा मोठा पाईक मारायलाच बंदी आली, आणि लहानही दिवसाला एकच.

मला आयर्लंडचा नियम पटतो, आणि त्याचं कारण माशाच्या जन्मकथेत आहे. मोठा पाईक म्हणजे जवळपास नेहमी मादी. तिची अंडी जास्त, आणि ती घालायला ती वसंतात पुराच्या पाण्याखाली गेलेल्या गवतात, ओढ्यांत वर चढते. आपले वलगणीचे मासे पहिल्या पावसात शेतात चढतात, तसंच. इंग्लंडमध्ये नद्यांवर 15 मार्च ते 15 जून पाईकसारख्या माशांच्या गरीला बंदी असते ती याचसाठी. आपल्याकडे मात्र अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे पकडणं हाच हंगाम मानला जातो. याचा मला मनापासून त्रास होतो.

जिताड्याची गोष्ट तर याहून नाजूक. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो. काही वर्षांनी, साधारण 80 सेंटीमीटर ते मीटरभर वाढल्यावर तो मादी होतो. म्हणजे खाडीतला जवळपास प्रत्येक मोठा जिताडा ही मादी, आणि अशी एक मादी एका हंगामात कोटीच्या घरात अंडी देऊ शकते. आता विचार करा. “लहान मासा पकडू नका, मोठा घ्या” हा नियम इतर माशांना बरोबर आहे. आपल्याकडे सागरी मासेमारीत लहान माशांबाबत किमान मापाचे नियम आले ते चांगलंच झालं. जिताड्याच्या बाबतीत मात्र नुसता तोच नियम पाळला तर आपण नर राखतो आणि माद्या संपवतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच दोन्ही टोकांना मर्यादा आहे: 58 सेंटीमीटरपेक्षा लहान घ्यायचा नाही आणि 120 पेक्षा मोठाही नाही. आपल्याकडे वरची मर्यादा यावी असं मला ठामपणे वाटतं.

पण सोडायचा म्हणजे फेकायचा नव्हे. हलक्या रॉडवर अर्धा तास खेळवलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो, म्हणून रॉड दणकट आणि खेळ थोडक्यात. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करायचा, म्हणजे तो सहज निघतो. हात ओले करायचे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही, मोठ्या माशाचं स्वतःचंच वजन त्याच्या जबड्याला आणि कण्याला इजा करतं. एक हात पोटाखाली, आडवा, आणि शक्यतो पाण्यातच. फोटो घ्यायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवायचा. मग धारेकडे तोंड करून धरायचं. कल्ले उघडझाप करतात, शेपटीत जोर येतो आणि तो स्वतःहून निघतो. त्याआधी ढकलायचा नाही.

“मोठे सोडायचे, तर कोळ्याने खायचं काय?”

ज्याचं घर जाळ्यावर चालतं त्याला मोठा जिताडा सोड म्हणून सांगण्याचा अधिकार हौशी माणसाला नाही. मोठ्या माशाला बाजारात भाव असतो आणि तो त्याच्या मेहनतीचा. शिवाय खाडीतला जिताडा कमी होण्यामागे तिवरांची तोड, भराव आणि कारखान्यांचं पाणी आहे. त्याचा दोष पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्यावर ढकलणं अन्यायाचं होईल. जो सुट्टीच्या दिवशी हौसेने गरी टाकतो आणि ज्याच्या घरी मासा आला नाही तरी चूल पेटते, त्याने मात्र मोठी मादी सोडायलाच हवी. घरच्यांसाठी एखादा मधल्या मापाचा ठेवला तर बिघडत नाही.

सुरुवात करायची असेल तर

पैसे दोरीवर खर्च करा, रॉड मध्यम चालेल. 9 फुटी, 8 किंवा 9 क्रमांकाचा रॉड खाडीला पुरतो. पहिले काही आठवडे पाण्यावर न जाता मोकळ्या मैदानात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून दोरी टाकायचा सराव करा. फ्लाय घरी बांधता येते. कोंबड्याची मानेवरची पिसं, पांढरे कृत्रिम धागे आणि थोडी चमकी पुरेशी. रानपक्ष्यांची पिसं गोळा करू नका. बोयाच्या पिल्लाची नक्कल म्हणून पांढऱ्यावर राखाडी पाठ, लांबी हाताच्या पंजाएवढी.

रेबडात, म्हणजे खाडीच्या चिखलात, एकट्याने उतरू नका, कालवांच्या कडा पाय कापतात आणि भरती मागून येते. दुसऱ्याच्या जाळ्याजवळ किंवा कुणाच्या जिताड्याच्या तळ्यात विचारल्याशिवाय दोरी टाकायची नाही. वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय घालायचाच नाही. होडीतूनच गरी टाकायची, आणि होडीवाला तिथलाच घ्यायचा. कुठल्या भरतीला कुठली नाळ वाहते आणि मगर कुठे ऊन खात पडते, हे त्यालाच ठाऊक असतं.